राजूच्या पिशवीवरची टिकली

मंगळवारी सकाळी माया "हो" म्हणाली, त्या "हो"मध्ये अक्कल कमी आणि तोरा जास्त होता. पुढं हे तिनंच कबूल केलं, म्हणून तर बोलायचं.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, कापडाच्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर थॅलेसेमियाच्या मुलांचं केंद्र होतं. या आजारात पोराच्या अंगात रक्त टिकत नाही. दर वीस दिवसांनी बाहेरून चढवावं लागतं, तेही जन्मभर. केंद्राकडं अशी बासष्ट मुलं होती. बरीचशी सिंधी घरांतली, काही अंबरनाथ-बदलापूरकडची मराठी. प्रत्येकाचा रक्तगट, मागची पाळी, पुढची पाळी, डॉक्टरांचा शेरा, सगळं एका कॉम्प्युटरवर, आणि त्या कॉम्प्युटरवर माया. शिरगावची, बारावी झालेली, सहा महिन्यांचा कोर्स केलेली. पगार बेताचाच, पण खुर्ची स्वतःची होती आणि त्या खुर्चीचा तिला फार अभिमान होता.

कॉम्प्युटर म्हणाल तर निव्वळ डबडं! विंडोज ९८ वर चालायचा आणि मनात आलं की गोठायचा. जानेवारीत दोनदा गोठला, पोरं रक्तपेढीच्या चिठ्ठीची वाट बघत तासतास ताटकळली. मग मुकेशभाईंनी एका दात्याला गाठलं. मुकेशभाई म्हणजे केंद्राचे विश्वस्त, खाली त्यांचंच पडद्याच्या कापडाचं दुकान. त्यांचा पुतण्या याच आजारानं गेला होता, म्हणून माणूस या केंद्रासाठी जीव टाकायचा. दात्यानं नवाकोरा कॉम्प्युटर दिला, वर लेबलं छापणारा प्रिंटर दिला. पण तो प्रिंटर ९८ ला ओळखच देईना, त्याला नवी विंडोज हवी, एक्सपी. आणि पोरांची सगळी माहिती ज्या प्रोग्रॅममध्ये होती, तो लिहिलेला जुन्या ९८ साठी. आता ही सोयरीक जुळते की नाही, हे कोण सांगणार?

प्रोग्रॅम लिहिला होता अंबरनाथच्या शिवरामकाकांनी. आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये खिळे-बोल्ट मोजलेले, निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकलेले, केंद्रासाठी फुकट राबलेले. मायानं सोमवारी त्यांना फोन केला.

"चालेल की नाही ते मला इथं बसून कळणार नाही," काका म्हणाले. "दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लाव. बासष्टच्या बासष्ट पोरं दोन्हीकडं उघडून बघ. पानन् पान."

"सगळी कशाला, काका? शितावरून भाताची परीक्षा होते की!"

"भात एका भांड्यात शिजतो, पोरी. ही बासष्ट भांडी आहेत."

म्हाताऱ्याचं बोलणं आधीच संथ, त्यात उपदेश. मायानं "हो हो" करून फोन ठेवला. मंगळवारी सकाळी तिनं यादीतली पहिली नऊ मुलं दोन्हीकडं उघडली. रक्तगट तोच, वजन तेच, तारखा त्याच. दहावं उघडणार तोच मुकेशभाई वर आले.

"बोल, अदी," ते म्हणाले. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, आणि ते तिला नेहमी तसंच हाक मारायचे. "रविवारी दाता येणार, फीत कापणार. मंडपवाल्याला मी सांगून टाकलंय. तू बोलशील तर करायचं, तू नको बोलशील तर नाही करायचं. मला त्यातलं काय समजत नाही."

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! मंडप आधी सांगितला आणि विचारायला मग आले. पण खोली भरली होती, पोरांना रक्त चढवणाऱ्या विठा सिस्टर बघत होत्या, चार आया बघत होत्या. एवढ्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर मायाला विचारलं होतं. तिला सांगता आलं असतं की अजून त्रेपन्न पोरं बघायची आहेत.

"हो," ती म्हणाली. "मी चेक केलंय. बिनधास्त करा."

*

शुक्रवारी सकाळी नवा कॉम्प्युटर चालू झाला. तो बसवायला आलेला धम्मदीप अंबरनाथचाच, चुणचुणीत पोरगा. "जय भीम, ताई" म्हणत आला आणि दीड तासात तारा जोडून मोकळा झाला. जुना डबा खोक्यात बंद झाला आणि बाहेरच्या व्हरांड्यात गेला. संध्याकाळी तो पुसून कोरा करायचा आणि बदलापूरच्या एका शाळेला द्यायचा असं ठरलं होतं, म्हणून धम्मदीप तिथंच थांबला होता.

नव्या यंत्रानं चिठ्ठ्या अशा भराभर छापल्या की विठा सिस्टर म्हणाल्या, "बाई गं, हा तर पापड लाटतोय!" चिठ्ठ्या रक्तपेढीत गेल्या, चिठ्ठ्यांप्रमाणं पिशव्या आल्या. डॉक्टरांनी मुलं तपासली आणि ते खालच्या मजल्यावरच्या आपल्या दवाखान्यात गेले. अकरापर्यंत चार मुलांना रक्त सुरू झालं. पाचवा होता राजू.

राजू सात वर्षांचा. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातून आजीबरोबर यायचा. आजी म्हणजे बनूबाई. आईबाप भाताच्या नाहीतर वीटभट्टीच्या कामावर, म्हणून पोराच्या पाळ्या आजीच्या. लिहिणं-वाचणं शून्य, पण चार वर्षांत एक पाळी चुकवली नव्हती. विठा सिस्टरनी सुई टोचली, पिशवी वर टांगली आणि नळीवरचं चाक सोडायला हात नेला. तेवढ्यात बनूबाईंनी नळी मुठीत धरली.

"टिकली कुठं हाय?"

आता ही टिकली म्हणजे काय ते सांगायला हवं. बासष्टातल्या चार मुलांना साधं रक्त चालत नसे. गट जुळला तरी अंग ते रक्त परकं मानायचं आणि मोडून टाकायचं. त्यांच्यासाठी पेढीतून निवडून वेगळं रक्त यायचं. फ्रीजमधून आलेल्या ओल्या पिशवीवर पेनची शाई फिसकटते. म्हणून विठा सिस्टरनी आपली एक पद्धत काढली होती. चिठ्ठीवर "विशेष" असं आलं की पिशवी कापसानं पुसायची, पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढायचं आणि एक लाल टिकली दाबून बसवायची. शाळा न शिकलेल्या आयांनाही कळायचं, हे आपल्या पोराचं वेगळं रक्त.

"चिठ्ठीवर नाही आलं आज," सिस्टर म्हणाल्या. "साधं चालेल म्हणतोय."

"कोन म्हनतो?"

"कॉम्प्युटर, आजी. नवीन आलाय."

"त्याला काय म्हाईत?" बनूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराला टिकलीचंच रगात लागतं."

माया उठून आली. तिच्या यंत्राबद्दल कुणी असं बोलावं? "आजी, डॉक्टरांनी शेरा बदलला असेल," ती म्हणाली. "आणि पेढीत पण तपासून देतात ना. जुळलं म्हणून तर दिलं." हे बोलताना तिच्या मनात आलं, डॉक्टरांनी शेरा बदलला असता तर तो टाइप कुणी केला असता? तिनंच ना! पण मागं चार मुलांच्या आया वळून बघत होत्या, दारात मुकेशभाई कसल्याशा झेंडूच्या माळा घेऊन उभे होते. म्हातारीची मूठ काही सुटेना. राजू सुई टोचलेला हात ताठ धरून, ओठ मिटून पडला होता. पोर रडतही नव्हतं.

"क्या हुआ, अदी?" मुकेशभाईंनी विचारलं.

"काही नाही. टिकली हवी म्हणतायत." मायानं सिस्टरकडं बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "लावून टाका ना एक. तेवढंच म्हातारीचं समाधान."

 विठा सिस्टरनी पर्स उघडली, कापूस फिरवला आणि एक लाल टिकली पिशवीवर दाबली.

बनूबाईंनी मान वर करून ती टिकली नीट बघितली. तोंडावर हसू आलं. मूठ सुटली, त्यांनी राजूच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हां. आता सोड, बाय."

त्या "सोड, बाय"नं माया भानावर आली. मघापासून म्हातारी अडून बसली होती, तोवर बरं होतं. आता ती निर्धास्त झाली होती, आणि तिला निर्धास्त कुणी केलं, तर मायानं, एका खोट्या टिकलीनं. सिस्टरचा अंगठा चाकावर टेकला.

"थांबा!" माया ओरडली. "सिस्टर, सोडू नका! हात काढा!"

 बनूबाईंनी पुन्हा नळी धरली, या वेळी दोन्ही हातांनी.

"आजी," मायानं विचारलं, "याला साधं रक्त सोसत नाही हे कधी कळलं? आठवतंय?"

"इसरंल का? दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी. आदल्या पाळीचं रगात त्याला बाधलं. मूत काळं झालं, डोळं पिवळं झालं. आपट्याची पानं सुकली नव्हती घरात, तवा आनला हितं. डाक्टर बोलले, आता याला टिकलीचंच."

माया खुर्चीकडं धावली. राजूचं पान उघडलं, शेऱ्यांची यादी काढली. दोन शेरे होते, नवा वर आणि जुना खाली, अशी काकांनी केलेली सोय, आणि वरचा असेल तो चिठ्ठीवर उतरायचा. वर होतं: २०/०८/२००३, साधे रक्त चालेल. त्याच्या खाली: ०७/१०/२००३, विशेष रक्तच द्यावे.

ऑगस्ट वर आणि ऑक्टोबर खाली. तिनं डोळे चोळून पुन्हा वाचलं. विसाव्या ऑगस्टला गोकुळाष्टमी होती, तिला चांगलं आठवत होतं, कारण खालच्या रस्त्यावर हंडीच्या गोंगाटात तिनं तो शेरा टाइप केला होता. मग दसरा गोकुळाष्टमीच्या आधी कसा आला? हे यंत्र काय दसरा आषाढात साजरा करतं?

"धम्मदीप! तो जुना काढ! खोक्यातून काढ आधी!"

"ताई, तो मी आता फॉरमॅट—"

"हात लावलास तर बघ!"

मुकेशभाईंनी माळा खुर्चीवर टाकल्या आणि स्वतः खोकं आत ओढलं. तारा जोडल्या, बटण दाबलं. मेलं ते डबडं, सकाळी घाईत नीट बंद केलं नव्हतं म्हणून आधी स्वतःची डिस्क तपासत बसलं. निळा पडदा, आणि मुंगीच्या पावलानं सरकणारी पिवळी पट्टी. पाच टक्के. नऊ टक्के. मायानं तेवढ्यात डॉक्टरांना खालून बोलावलं. ते आले, त्यांनी राजूची नाडी बघितली, नळी बंद आहे याची खात्री केली.

"पण पेढीत जुळलं ना हे रक्त, डॉक्टर?" तिनं विचारलं. तिला कुणीतरी "हो, काही बिघडलं नसतं" असं म्हणायला हवं होतं.

"तीच तर खोड आहे," डॉक्टर म्हणाले. "चार-सहा महिन्यांनी अंगातला तो विरोध चाचणीत दिसेनासा होतो. शरीर मात्र विसरत नाही. आज चढवलं असतं, आठवड्यानं पोर पिवळं पडून आलं असतं. कदाचित आलंच नसतं. म्हणून तर शेरा लिहून ठेवायचा."

माया पिवळ्या पट्टीकडं वळली. 

एकसष्ट टक्के. नव्वद. शेवटी ९८ चे ढग पडद्यावर आले. राजूचं पान उघडलं आणि जुन्या डब्यानं पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत लिहिलं: विशेष.

दोन्ही पडदे शेजारी शेजारी होते. तेच पोर, त्याच तारखा, आणि दोघांचं म्हणणं उलट. मुकेशभाई एकदा इकडं बघायचे, एकदा तिकडं. 

मायानं आधी सकाळच्या चौघांची पानं जुन्यावर उघडली. एक साधं. दुसरं साधं. तिसऱ्याचं नाव टाइप करताना दोनदा चुकलं. साधं. चौथंही साधं. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला, तोही अर्धाच.

धम्मदीपनं तोवर नव्या यंत्रात खोदकाम चालवलं होतं. "सापडलं, ताई! हा नवा अमेरिकन पद्धतीवर राहिलाय. आधी महिना, मग दिवस. सात दहा म्हणजे आपला सात ऑक्टोबर, याच्या हिशेबानं दहा जुलै. वीस आठ वाचताना वीस महिने नसतात म्हणून तो गपगुमान बरोबर वाचतो. माझंच चुकलं, बघायला हवं होतं." त्यानं दोन-तीनदा टिचकी मारली आणि राजूचं पान पुन्हा उघडलं. वर आलं: विशेष. "झालं! आता ओके."

बारा तारखेपर्यंतच्या तारखा उलटायच्या आणि तेरापासून पुढच्या सरळ राहायच्या. मायाच्या मंगळवारच्या नऊ मुलांपैकी एकालाही दुसरा शेरा नव्हता. तिथं चूक दिसणार तरी कशी?

"ठीक हो गया? मग चालू ठेवायचा ना?" मुकेशभाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "अदी, तू बोल. रविवार..."

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच खोली. माणसं तर त्या दिवसापेक्षा जास्तच होती.

"नाही," माया म्हणाली. "मंगळवारी मी तुमच्याशी खोटं बोलले, मुकेशभाई. नऊच पोरं बघितली होती. काकांनी बासष्ट सांगितली होती. मला शहाणपणा दाखवायचा होता. एक चूक सापडली म्हणजे सगळ्या सापडल्या असं नाही."

"पण दाता येणार, मंडप..."

"दात्याला नवा दाखवा, हार घाला, फीत कापा. रक्त जुन्यावरून सुटेल. बासष्ट पोरं पानन् पान जुळली आणि काकांनी येऊन बघितली की मग नवा. तोवर प्रिंटर झाकून ठेवा. आणि पटत नसेल तर या खुर्चीवर दुसरं कुणी बसवा."

 मुकेशभाईंनी खुर्चीवरच्या माळा उचलल्या. "माझ्या पुतण्याच्या वेळी," ते म्हणाले, "असं 'थांबा' बोलणारं कोणी नव्हतं." एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले, आणि खाली मंडपवाल्याला ओरडण्याचा त्यांचा आवाज वरपर्यंत आला.

*

बरोबर रक्ताची पिशवी यायला दीड वाजला. तोवर बनूबाई जागेवरून हलल्या नव्हत्या. विठा सिस्टरनी नवी पिशवी पुसली, टिकली लावली आणि टांगली. तीच लाल टिकली, त्याच पाकिटातली.

मायाला आता गप्प बसता आलं असतं. म्हातारीला या तारखांच्या भानगडीतलं काय कळलं होतं? पण ती पलंगापाशी गेली आणि खाली बसली.

"आजी, मघाची टिकली खोटी होती. तुम्ही ऐकत नव्हता म्हणून मी लावायला सांगितली. ते रक्त राजूचं नव्हतं."

बनूबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ते केलं असतं तर मायाला बरं वाटलं असतं. त्यांनी मान वर करून पिशवीकडं बघितलं, पुन्हा मायाकडं बघितलं, आणि नळी हळूच मुठीत धरली.

"आन् ही?" त्यांनी विचारलं. "ही खरी कशावरनं?"

 दसऱ्यापासून ज्या खुणेवर म्हातारीनं नातवाचा जीव टांगला होता, ती खूण तिनं सकाळी एका वाक्यात मोडली होती. डॉक्टर सांगतील, सिस्टर सांगतील, दोन्ही कॉम्प्युटर सांगतील. म्हातारीला यातलं काहीच वाचता येत नव्हतं. तिला टिकली वाचता येत होती, आणि आता तीही येत नव्हती.

"मना वाचता येत नाय, बाय," बनूबाई म्हणाल्या. "म्हून तर तुमच्याकडं बघते."

 मायानं डॉक्टरांच्या हातचा जुना कागद फाइलमधून काढला, पिशवीचं लेबल त्याच्या शेजारी धरलं. मग एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचायला लागली. नाव. गट. पिशवीचा नंबर. दसऱ्यानंतरचा शेरा. म्हातारी तिच्या बोटाकडं बघत होती. वाचून झालं तरी मूठ सुटली नाही.

"परत वाच," बनूबाई म्हणाल्या.

मायानं परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.